जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी दुरुस्त करून रंगवताना कामाचा क्रम असा ठेवा

नवा रंग चढवलेली जुनी होडी पहिल्याच मोसमात पापुद्रे टाकू लागते. जिथे सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा चिकट लगदा, भरलं होतं, नेमकं तिथूनच पुन्हा पाणी झिरपतं. मग रंगाच्या डब्याला बोल लावला जातो. मी आजवर खरवडून पाहिलेल्या अशा होड्यांमध्ये रंग क्वचितच वाईट निघाला. कुणी गळती न शोधताच रंगवलं होतं, कुणी तेलकट पत्रा आधी घासून मग धुतला होता, तर कुणी पाण्याखाली साधे पॉप रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या, मधून पोकळ अशा धातूच्या खिळ्या) मारले होते.

म्हणून आधी क्रम सांगतो: होडी रिकामी करणे, गळती शोधणे, जुना रंग उतरवणे, दुरुस्ती, गळतीची दुसरी चाचणी, सफाई, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग आणि शेवटी जोडणी. यात सर्वात जास्त चुकतं ते हे: रंग उतरवणं दुरुस्तीच्या आधी करायचं असतं. रंग काढायचं रसायन ताजं सीलंट खातं, आणि बारीक चिरा जुन्या रंगाखाली लपलेल्या असतात.

हे सगळं रिव्हेट मारलेल्या लहान होड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. त्यांचा पत्रा साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जाड असतो. वेल्डिंगच्या होडीला रिव्हेटचा भाग सोडून बाकी सगळं लागू पडतं.

## १. होडी पूर्ण रिकामी करा

प्रत्येक वस्तू काढण्याआधी फोटो घ्या. इंजिन, टाकी, वायरिंग, तळाच्या फळ्या, कार्पेट, फोम हे सगळं बाहेर काढा. आडवी बसकी मात्र सगळी एकदम काढू नका. पातळ पत्र्याच्या होडीचा आकार त्या बसक्यांनीच धरून ठेवलेला असतो. त्या निघाल्या की दोन्ही बाजू बाहेर फाकतात, आणि मग परत बसवताना एकही भोक जुळत नाही. काढणं भागच असेल, तर आधी रुंदी मोजून एक लाकडी पट्टी आडवी बांधा.

फोम हातात घेतल्यावर जड लागला तर त्यात पाणी मुरलंय असं समजा. ओला फोम टाकून द्यायचा, पण तेवढ्याच आकारमानाचा नवा बंद पेशींचा फोम परत घालायचा. होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून तो असतो. नुसती जागा भरायला नव्हे. थर्माकोलच्या जातीचा फोम पेट्रोलने विरघळतो, तो टाकीच्या आसपास वापरू नका.

आता तळातला चिखल निपटून काढा आणि पत्रा बारकाईने पाहा. एका होडीत फळ्यांखालच्या गाळात मला तांब्याचं एक नाणं चिकटलेलं सापडलं. ते उचललं तर खाली पांढऱ्या भुकटीचं गोल कडं होतं. भुकटी नखाने खरवडली आणि टोच्या सहज आरपार गेला. ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. नाणी, वायरचे तुकडे, गळाची शिशाची वजनं, लोखंडी खिळे, काहीही तळात राहू देऊ नका.

तपासा: ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची मागची उभी भिंत, तिच्या आत बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून टोच्या खुपसून बघा. लाकूड मऊ लागलं, टोच्या ओला निघाला किंवा हातोडीच्या टोल्याला बद्द आवाज आला तर लाकूड कुजलंय.

## २. गळती आतून पाणी भरून शोधा

होडी पाण्यात सोडून गळती शोधायला गेलात तर पाणी आत पसरतं आणि नेमकी जागा सापडत नाही. उलट करा. होडी ट्रेलरवर किंवा घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, ठेवा, तळाचं बूच लावा आणि आत पाणी भरा. बाहेर जिथे थेंब धरेल तिथे दोष आहे.

इशारा: पाण्याचं वजन हलक्यात घेऊ नका. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद सपाट तळाच्या होडीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे ५०० किलो. दोनच घोड्यांवर ठेवलेली होडी एवढ्या वजनाने मधून वाकते. कण्याखाली (तळाची मधली उभी पट्टी) आणि बरगड्यांखाली (आतल्या आडव्या पट्ट्या) तीन-चार ठिकाणी आधार द्या. भरलेल्या होडीखाली डोकं घालू नका, बाजूने पाहा.

पाणी भरण्याआधी बाहेरचे सांधे आणि रिव्हेटच्या रांगा कोरड्या करून त्यांवर खडूची पूड चोळा. थेंब आला की पूड काळवंडते आणि अगदी बारीक झिरपणंही दिसतं. आधी थोडं पाणी भरून कण्याजवळचा भाग पाहा, मग पातळी वाढवा. प्रत्येक पातळीला किमान अर्धा तास थांबा. काही रिव्हेट उशिरा गळतात.

खूण कुठे करायची, हाही प्रश्न आहे. बाहेरची खूण रंग उतरवताना पुसली जाते. म्हणून कागदावर होडीचा नकाशा काढा, बरगड्यांना क्रमांक द्या आणि «तिसरी बरगडी, डावीकडून पाचवा रिव्हेट» असं लिहून ठेवा. पाणी काढल्यावर आतूनही मार्करने गोल करा.

## ३. जुना रंग उतरवा

सगळा रंग काढायलाच हवा असं नाही. घट्ट धरून बसलेला रंग घासून त्यावर नवा चढवता येतो. रंगावर ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर तो रंग काढा. तळाला शेवाळरोधक रंग असेल आणि त्यात तांब्याचा अंश असण्याची शक्यता असेल, तर तो मात्र मुळापासून काढा.

रसायन वापरायचं तर डब्यावर «अ‍ॅल्युमिनियमसाठी सुरक्षित» असं लिहिलेलंच घ्या. कॉस्टिक सोडा असलेलं रसायन रंगासोबत पत्राही खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. वाळूचा मारा पातळ पत्रा वाकवतो. खायच्या सोड्याचा मारा चालतो, पण त्याची भुकटी सांध्यांत राहिली तर नवा रंग धरत नाही. तेव्हा भरपूर पाण्याने धुवा.

इशारा: जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं करून घासा, योग्य फिल्टरचा मास्क लावा, खरवड गोळा करून घातक कचऱ्यात द्या.

इशारा: ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलंय, तो धूळ साफ न करता इथे वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमची धूळ आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की एका ठिणगीने ते मिश्रण प्रचंड उष्णतेने जळतं. शिवाय लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर रंगाखाली गंजाचे ठिपके उठतात. लोखंडी तारेचा ब्रश आणि स्टील वूल याच कारणाने वर्ज्य. स्टेनलेस ब्रश चालेल, पण तो फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला हवा.

## ४. सैल रिव्हेट घट्ट करा किंवा बदला

रिव्हेट, ज्याला कारागीर रिपिट म्हणतात, तो सैल आहे की नाही हे बोटाला कळतं. बाहेरच्या डोक्यावर बोट अर्धं पत्र्यावर, अर्धं रिव्हेटवर ठेवा आणि दुसऱ्याला आतून हलकी हातोडी मारायला सांगा. घट्ट रिव्हेट पत्र्यासोबत एकजीव थरथरतो. सैल रिव्हेट बोटाखाली वेगळा टिचतो. एकदा हा फरक जाणवला की शंभर रिव्हेट तपासायला तास लागत नाही.

घट्ट करायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर दोन-अडीच किलोचा लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. ठोकळ्याला डोक्याच्या आकाराची वाटी असेल तर उत्तम, नाहीतर डोकं चपटं होतं. दुसऱ्याने आतून शेपटीवर तीन-चार ठाम टोले द्यायचे. वीस-पंचवीस हलके टोले मारत बसू नका. त्याने रिव्हेट कडक होतो, पसरत नाही आणि पुढे कडेला तडकतो.

दोनदा ठोकूनही हलत असेल तर बदला:

१. डोक्याच्या मधोमध पंचाने खूण करा.
२. दांड्याच्या मापाच्या किंवा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीपुरतं भोक पाडा. आरपार गेलात तर पत्र्याचं भोक लांबोळं होतं.
३. पंचाने डोकं उडवा आणि दांडा आत ढकला.
४. भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट घ्या.
५. भोकाच्या कडा साफ करा, दांड्याला मरीन पॉलियुरेथेन सीलंट लावा आणि ठोका.

भरीव रिव्हेटचा दांडा दोन्ही पत्रे ओलांडून त्याच्या जाडीच्या दीडपट बाहेर आला पाहिजे. ५ मिलिमीटरच्या रिव्हेटला साडेसात मिलिमीटर. कमी असेल तर डोकं भरत नाही, जास्त असेल तर दांडा आडवा वाकतो.

आतून हात पोचतच नसेल तर बंद टोकाचा ब्लाइंड रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारा, वापरा. साध्या पॉप रिव्हेटच्या मधून आरपार पोकळी असते, त्यातून पाणी येतं. त्यातली खिळी बहुधा लोखंडाची असते आणि तीही गंजते. पाणरेषेच्या खाली तो कधीच नको.

सीलंटबद्दल एकच आग्रह: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन होडीच्या जवळ आणू नका. त्यातलं आम्ल अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि सिलिकॉनचा अंश लागलेल्या पत्र्यावर कुठलाच रंग धरत नाही. कितीही घासलं तरी तो अंश पसरतच जातो.

## ५. चिरा, खड्डे, पोचे

चीर दिसली की आधी ती का पडली ते शोधा. बहुतेक वेळा जवळच्या बरगडीचे रिव्हेट सैल होऊन पत्रा लपलपत असतो. बरगडी पक्की न करता ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेला नवी चीर पडते.

चिरेची दोन्ही टोकं नक्की करा. डोळ्याला दिसतं त्याच्यापुढेही चीर गेलेली असते. डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरणारा रंगीत द्रव, फवारला की खरं टोक लाल रेघेने उमटतं. तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ठिगळ:

१. होडीच्याच जातीचा मिश्रधातू घ्या. ५०५२ क्रमांकाचा अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू सहज मिळतो आणि बहुतेक होड्यांना चालतो. जाडी मूळ पत्र्याइतकी.
२. ठिगळ चिरेच्या चारी बाजूंना किमान ४० मिलिमीटर पुढे हवं. कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यातून पुन्हा चीर सुरू होते.
३. सीलंट न लावता जागेवर धरून सगळी भोकं पाडा, तात्पुरत्या स्क्रूंनी आवळा.
४. परत सोडा. दोन्ही पत्र्यांवरच्या भोकांच्या कडा घासा, कीस पुसून काढा.
५. आता पूर्ण पृष्ठभागावर सीलंट लावून मधून कडेकडे रिव्हेट मारत जा. कडेने सीलंट सगळीकडून बाहेर यायला हवं.

चौथी पायरी गाळणारे फार. दोन पत्र्यांमध्ये अडकलेला केसाएवढा कीससुद्धा पत्रे वेगळे ठेवतो, आणि मग सगळा भार सीलंटवर येतो.

वेल्डिंग करायचं तर ते अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांहून जास्त लागतात. थर नीट निघाला नसेल तर वरून जोड दिसतो, आत पोकळ राहतो. उष्णतेने आजूबाजूचा पत्राही मऊ पडतो. वेल्डिंगच्या आधी फोम आणि इंधन पूर्ण बाहेर हवं. जळत्या फोमचा धूर विषारी असतो.

खड्ड्यांतली पांढरी भुकटी चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. पत्र्याच्या निम्म्यापेक्षा उथळ खड्डे दोन भागांच्या, म्हणजे दोन घटक मिसळून वापरायच्या, इपॉक्सी पुटीने भरा. त्याहून खोल असतील तर ठिगळच. पोचे मात्र फार मनावर घेऊ नका. मागे वाळूची पिशवी धरून, कडेकडून मध्याकडे येत, लाकडी हातोडीने जेवढे निघतील तेवढे काढा. जास्त ठोकलं की पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होतो.

ट्रान्समचं लाकूड कुजलं असेल तर जुनी फळी साचा म्हणून वापरून मरीन प्लायवूडची नवी कापा. प्रत्येक भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, आणि सुकल्यावर त्यात मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टमधून पाणी आलं तरी लाकडाला लागत नाही. फळीला सगळीकडून, विशेषतः कडांना, इपॉक्सीचे हात द्या. कीड आणि कूज लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेलं लाकूड टिकाऊ वाटतं, पण तेच अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं.

तपासा: सीलंट पूर्ण वाळल्यावर, म्हणजे काही प्रकारांत पाच ते सात दिवसांनी, पुन्हा पाणी भरा. दुसऱ्या चाचणीत एक थेंब जरी आला तरी रंगाकडे वळू नका.

## ६. धुवा, मग घासा, मग पुन्हा पुसा

बहुतेकांचा रंग इथेच वाया जातो. पत्र्यावर तेल, मेण, हातांचा चिकटपणा असताना पॉलिश पेपर फिरवला तर तो चिकटपणा ओरखड्यांच्या तळाशी दाबला जातो. मग वरून कितीही पुसा, तो आत राहतो.

१. डिग्रीझर आणि पाण्याने धुवा, खळखळून.
२. स्वच्छ सुती फडक्याने सॉल्व्हंट लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. एकच फडकं वापरलं तर तुम्ही तेल फक्त पसरवता.
३. उघडा धातू ८० नंबरच्या पेपरने घासा. चकाकी जाऊन एकसारखा मंद राखाडी रंग यायला हवा. जुन्या रंगाच्या कडा १५० नंबरने उतरत्या करा, पायरी बोटाला लागता कामा नये.
४. धूळ काढा आणि पुन्हा दोन फडक्यांनी सॉल्व्हंट फिरवा.

तपासा: स्वच्छ पाणी शिंपडा. पाण्याचा सलग पडदा पसरून राहिला तर पत्रा तयार आहे. थेंब गोळा होऊन वेगळे झाले तर तिथे अजून तेलकटपणा आहे. पहिल्या पायरीपासून परत करा. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका.

## ७. प्रायमर त्याच दिवशी

घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो आणि जाड होत जातो. घासणं आणि प्रायमर यांत काही तासांपेक्षा जास्त अंतर नको. संध्याकाळी घासून सकाळी प्रायमर लावायचा बेत करू नका. एका दिवसात होईल तेवढाच भाग घासायला घ्या.

पाण्याखालच्या भागाला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. वरच्या भागाला सेल्फ-एचिंग प्रायमर, म्हणजे त्यातल्या आम्लाने पत्र्याला पकडणारा, चालतो. एकावर दुसरा लावण्याआधी डब्याची माहितीपत्रिका वाचा. अनेक इपॉक्सी प्रायमर आम्लयुक्त एचिंग प्रायमरवर धरत नाहीत. प्रायमर, मधला थर आणि वरचा रंग एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घेतले की हा घोळच राहत नाही.

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतला ओलावा ज्या तापमानाला दव होऊन बसतो त्यापेक्षा, किमान ३ अंश जास्त असावं. पहाटे थंड पडलेल्या पत्र्यावर न दिसणारा ओलावा असतो, आणि कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर प्रायमर पसरायच्या आत सुकतो. मिश्रणाचं प्रमाण डोळ्याने ठरवू नका, मापाने घ्या.

## ८. रंग

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. दुसरा हात पत्रिकेत दिलेल्या वेळेतच द्या. ती वेळ टळली तर ३२० नंबरने हलकं घासून मगच लावा. घरच्या घरी रोलरने लावून मागोमाग ब्रशच्या टोकाने उभी रेघ ओढली की बुडबुडे जातात.

इशारा: दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायनं असतात. ते फवारणीने लावायचे तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. साधा धुळीचा मास्क कामाचा नाही.

शेवाळरोधक रंगाची गरज होडी सतत पाण्यात राहत असेल तरच आहे. घ्यायचाच तर अ‍ॅल्युमिनियमसाठी असल्याचं डब्यावर लिहिलेला घ्या. कॉपर ऑक्साइडचा रंग नको: इपॉक्सीच्या थराला एक ओरखडा पडला की तिथून पत्रा खायला सुरुवात होते.

## ९. जोडणी आणि पाण्यात उतरवणं

रंग कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. बहुतेक दोन भागांच्या रंगांना पाण्यात जायच्या आधी सुमारे आठवडा लागतो.

प्रत्येक स्टेनलेस बोल्टखाली नायलॉनचं वॉशर आणि दांड्याला सीलंट द्या, म्हणजे दोन धातू थेट टेकणार नाहीत. पितळी फिटिंग तर नकोच. कार्पेट परत घालणार असाल तर पत्र्याला चिकटवू नका. ओलं कार्पेट चिकटून राहिलं की त्याखाली खड्डे पडतात.

अ‍ॅनोड, म्हणजे होडीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजावा म्हणून लावायचा धातूचा तुकडा, पाण्याप्रमाणे निवडा: गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, खाडीत अ‍ॅल्युमिनियम, समुद्रात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम. समुद्रात मॅग्नेशियम लावला तर तो गरजेपेक्षा जास्त काम करतो आणि रंगाला फोड येतात. अ‍ॅनोडवर रंग लावू नका. रंगवलेला अ‍ॅनोड निकामी होतो.

पहिल्यांदा उतरवताना बूच लावल्याची खात्री हाताने करा, तळाच्या फळ्या न घालता होडी तासभर बांधून ठेवा आणि बरगड्यांमधला प्रत्येक कप्पा कोरड्या फडक्याने पुसून पाहा. फडकं ओलं झालं तर आधी काढलेला नकाशा बाहेर घ्या आणि जवळचे रिव्हेट बोटाने तपासा. पाच-सहा फेऱ्यांनंतर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा. नवं लाकूड थोडं दबतं. कुठे ओरखडा पडून चकचकीत धातू दिसला तर त्याच आठवड्यात सॉल्व्हंटने पुसा, घासा, पुन्हा पुसा आणि प्रायमर लावून वर रंगाचा हात द्या.